तीन नंबरचा प्लग : अडकलेला स्पार्क प्लग काढतानाच्या नोंदी

गाडी २०१२ सालची, चार सिलिंडरची, साधारण बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण या कामात दोष गाडीचा नव्हता. इंजिनाचे हेड (सिलिंडरांवर बसणारा, प्लग ज्यात आवळले जातात तो भाग) अॅल्युमिनियमचे आहे, प्लग १४ मिलिमीटर आट्याचे असून त्यांना १६ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल बसते. ज्यांच्या गाडीची रचना अशी आहे आणि ज्यांना प्लग घरीच बदलायचे आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून रोजच्या नोंदी इथे जशाच्या तशा देत आहे. चुका वगळलेल्या नाहीत.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

गेले तीन आठवडे सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन थरथरत होते आणि मिरजेच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये गाडी धक्के देत होती. शाळेतील एका सहकाऱ्याकडून बिघाडाचा कोड वाचण्याचे यंत्र आणून लावले, तेव्हा पी-०३०३ हा कोड आला. याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन नीट पेटत नाही. कॉइल खराब आहे की प्लग, हे ठरवण्यासाठी तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एक नंबरची तीनवर लावली. कोड तीनवरच राहिला, म्हणजे कॉइल ठीक होती. इतकी तपासणी पाऊण तासात झाली आणि खर्च शून्य.

प्लग शेवटचे कधी निघाले होते, हे आठवायला वेळ लागला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील आमच्या शामरावनगरात पाणी आले, तेव्हा ही गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर एका गॅरेजमध्ये प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढले, ऑइल दोनदा बदलले आणि तेच प्लग परत बसवले. त्या महिन्यात प्रत्येक गॅरेजसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग होती, त्यामुळे घाईत काय राहून गेले याबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. मात्र त्यानंतर साडेपाच वर्षे आणि ३१,००० किलोमीटर मीही ते प्लग उघडून पाहिले नाहीत, ही माझी हयगय आहे.

आज इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू केले. पहिली चूक बाजारातच झाली होती. दुकानदाराने दिलेला टी-पाना २१ मिलिमीटरचा निघाला. तो जुन्या गाड्यांच्या जाड प्लगचा असतो. १८० रुपये गेले, कारण पाकीट फोडल्यामुळे तो परत घेतला गेला नाही. पुन्हा जाऊन आत रबर असलेले १६ मिलिमीटरचे प्लग सॉकेट ३८० रुपयांना आणले.

एक, दोन आणि चार नंबरचे प्लग थोडा जोर लावल्यावर 'टक्' असा आवाज करून सुटले आणि पुढे हाताने फिरले. तीन नंबरची कॉइल काढल्यावर तिच्या तळाशी असलेले रबर एका बाजूने फाटलेले दिसले आणि प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो, त्याच्या तळाशी राखाडी रंगाचा, कडक झालेला गाळ दिसला. तो कृष्णेचा गाळ होता, याविषयी मला शंका नाही. पूर ओसरल्यावर घराच्या फरशीवरून आम्ही तोच गाळ आठवडाभर खरवडत होतो.

इथे दुसरी आणि अधिक महागात पडलेली चूक झाली. गाळ आधी काढायला हवा होता. मी मात्र त्याच्यावरच गंज सोडवणारा स्प्रे भरपूर मारला आणि अर्ध्या तासाने पाना लावला. स्प्रेमुळे गाळाचा चिखल झाला, तेल प्लगच्या वॉशरपर्यंतही पोहोचले नाही, आणि प्लग जागचा हलला नाही.

किती जोर लावत आहे हे कळावे म्हणून प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा घरातील स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवला आणि काट्यानेच ओढले. पान्याच्या दांड्याची लांबी ३० सेंटिमीटर आहे. २० किलोपर्यंत ओढले, म्हणजे साधारण ५९ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे माप) झाले. या मापाचा नवा प्लग आवळताना २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. त्याच्या दुप्पट जोरानेही तो सुटेना, तेव्हा थांबलो. दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवण्याचा मोह झाला होता. तो आवरला, आणि आजच्या दिवसातील हाच एक निर्णय बरोबर ठरला.

वेळ : तीन तास.

रविवार, १२ जानेवारी

ओळखीच्या एका वाहनचालकाने सल्ला दिला की इंजिन गरम करून प्लग काढावा, म्हणजे तो सहज सुटतो. या सल्ल्यात तथ्य आहे. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, त्यामुळे हेडमधील भोक प्लगपेक्षा अधिक मोठे होते. पण मी हिशेब करून पाहायला हवा होता. १४ मिलिमीटरच्या आट्यावर तापमान ६० अंशांनी वाढले, तर दोहोंतील फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका येतो. त्याच वेळी गरम अॅल्युमिनियम मऊही होते, आणि आट्यांमध्ये कचरा असेल तर पोलादी आटे ते खरवडून काढतात. काल केलेला चिखल तसाच असताना गरम इंजिनावर पाना चालवणे चूक होते.

सगळे प्लग आणि कॉइल परत बसवून इंजिन वीस मिनिटे चालवले, तीन नंबरची कॉइल काढली आणि हातमोजे घालून पाना लावला. १७ किलोला प्लग सुटला. तो सुटल्याचा आनंद झाला आणि त्या आनंदात मी तसाच फिरवत गेलो. पाव फेऱ्यानंतर कोरड्या दारासारखी करकर सुरू झाली. तिथे थांबायला हवे होते. मी आणखी पाव फेरा ओढला आणि प्लग जाम झाला, तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. काय घडले ते नंतर समजले. प्लग घट्ट असताना त्याचा वॉशर खाली दाबलेला असतो, त्यामुळे गाळ आट्यांत शिरत नाही. प्लग सैल होताच वॉशर उचलला जातो आणि खड्ड्यातील सगळी रेती सरळ वरच्या आट्यांत उतरते.

जाम झालेला प्लग सोडवण्यासाठी मी एका हाताने जोरात हिसका दिला. दुसरा हात पाना आणि सॉकेट यांना जोडणाऱ्या दांड्याच्या वरच्या टोकावर आधाराला हवा होता, तो नव्हता. दांडा कलला, सॉकेट कलले आणि प्लगची पांढरी चिनीमाती वरच्या भागात तुटली. षटकोनी भाग शाबूत राहिला, म्हणून पुढचे काम शक्य झाले. पण आता तीन नंबरवर ठिणगी येणार नव्हती, म्हणजे प्लग निघेपर्यंत गाडी बंद. उद्यापासून शाळेत स्कूटरवर जायचे आहे.

दुपारी गॅरेजमध्ये फोन करून विचारले. हेड उतरवून नवा आटा बसवावा लागला तर ९,००० रुपयांपर्यंत खर्च येईल असे त्यांनी सांगितले. रात्री ही नोंद लिहिताना तो आकडा डोळ्यांसमोर आहे.

वेळ : चार तास. प्रगती : अर्धा फेरा आणि एक तुटलेला प्लग.

सोमवार, १३ जानेवारी, रात्री

आज प्लगला हात लावला नाही, फक्त खड्डा साफ केला. हे काम शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत करायचे होते.

चिनीमातीचे तुकडे लोहचुंबकाला चिकटत नाहीत आणि अॅल्युमिनियमचा कीसही चिकटत नाही, म्हणून चुंबकाचा इथे उपयोग नाही. चिनीमाती अतिशय कठीण असते. तिचा एखादा कण सिलिंडरमध्ये पडला तर तो सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडू शकतो, त्यामुळे प्रत्येक तुकडा मोजून बाहेर काढणे आवश्यक होते. मोठे दोन तुकडे लांब चिमट्याने निघाले. लहान तुकड्यांसाठी बांबूच्या काडीच्या टोकाला ग्रीस लावून ती तळाशी टेकवली आणि एकेक कण उचलला. सगळे कण कागदावर मांडून तुटलेल्या टोकाशी जुळवून पाहिले. एक डाळीएवढा तुकडा कमी वाटत होता, तो सॉकेटच्या रबरात अडकलेला सापडला.

चिखल काढण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती ठिबक सिंचनाची चार मिलिमीटरची बारीक नळी. तासगावकडे द्राक्षबाग असलेल्या मित्राने तिचे दोन मीटर दिले. मेडिकल दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज आणून ती नळीला जोडली. कार्ब्युरेटर साफ करण्याचा स्प्रे आत मारायचा, काडीने गाळ ढवळायचा आणि नळीने ओढून घ्यायचा, असे अकरा वेळा केले. पहिल्या चार वेळा निघालेले पाणी चहासारखे होते, शेवटच्या वेळी ते जवळजवळ स्वच्छ आले. घरातील व्हॅक्यूम क्लीनर लावण्याचा विचार आला होता, पण असा स्प्रे ज्वालाग्राही असतो आणि क्लीनरच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. म्हणून स्प्रे पूर्ण वाळल्याशिवाय ते यंत्र जवळही आणू नये.

आज भोगी होती. जेवायला सगळे खोळंबले होते आणि माझ्या हाताला स्प्रेचा वास होता. बाजरीची भाकरी शेवटी चमच्याने भाजी वाढून घेऊन खाल्ली.

वेळ : दोन तास.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्यांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर इंजिनांची कामे केली आणि त्यांना सगळे मामा म्हणतात. तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा त्यांना सगळे सांगितले. ते येऊन टॉर्चच्या उजेडात खड्डा पाहून म्हणाले, "सर, सुटत नाही म्हणून ओढू नका. आधी परत आवळून बघा."

हे मला सुचले नव्हते. प्लग जाम झाला होता तो बाहेर येण्याच्या दिशेने. रेती आणि अॅल्युमिनियमचा कीस आट्याच्या एका बाजूला दाबला गेला होता. तोच प्लग आत जाण्याच्या दिशेने फिरवला, तर कीस जिथून आला तिकडे परत सरकतो आणि मध्ये तेलाला वाट मिळते. इंजिन थंड होते. दांड्याच्या वर डावा तळहात ठेवून उजव्या हाताने हळू आवळले, तेव्हा १४ किलोला प्लग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण एक अष्टमांश फेरा फिरला. रविवारनंतर तो प्रथमच हलला.

वॉशर अजून उचललेलाच होता, म्हणून आता तेल खरोखर आट्यांपर्यंत जाऊ शकत होते. ठिबकच्या नळीने नेमके प्लगच्या बुडाशी दोन मिलिलिटर गंज सोडवणारे तेल सोडले. मामांनी त्यापेक्षा जास्त सोडू दिले नाही. त्यांचे कारण असे की सुटा प्लग तेलाला खाली वाट देतो आणि ते सिलिंडरमध्ये साचते. या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ३०० सीसीचा आहे आणि पिस्टन वर आल्यावर वरची जागा जेमतेम ३३ सीसी उरते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तेल पुरेसे साचले आणि कोणी स्टार्टर मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मी किल्ली काढून घेतली आणि स्टिअरिंगवर 'सुरू करू नये' असा कागद चिकटवला, कारण मुलगा अधूनमधून गाणी लावायला गाडीत बसतो.

बुधवार, १५ ते शुक्रवार, १७ जानेवारी

तीन संध्याकाळी एकच काम, रोज अर्धा तास : दोन मिलिलिटर तेल सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे, आणि मग एक अष्टमांश फेरा बाहेर, तेवढाच आत. आत-बाहेर तीन-चार वेळा झाल्यावर करकर कमी होते. ती कमी झाली की बाहेरची हद्द थोडी पुढे न्यायची, वाढली की परत आत यायचे. काट्यावर मी १५ किलोची मर्यादा ठेवली होती आणि ती एकदाही ओलांडली नाही.

सॉकेटवर पांढऱ्या रंगाने एक खूण आणि हेडच्या झाकणावर दुसरी खूण केली होती. त्यावरून बुधवारअखेर प्लग मूळ जागेपासून पाऊण फेरा बाहेर होता. गुरुवारी तो एक फेरा आणि थोडा अधिक आला. शुक्रवारी अडीच फेरे झाले आणि लागणारा जोर ९ किलोवर आला. प्रत्येक वेळी वर येणारे काळे तेल सिरिंजने ओढून घेत होतो. शुक्रवारच्या तेलात ट्यूबलाइटखाली चांदीसारखा कीस चमकला. तो हेडच्या आट्यांचा होता. ते पाहून वाईट वाटले, पण तो रविवारी तयार झालेला कीस होता आणि आता निदान बाहेर येत होता.

या तीन दिवसांत घाई करावी असे वाटले नाही असे नाही. शुक्रवारी प्लग इतका मोकळा वाटत होता की तसाच फिरवून काढावा असा विचार प्रबळ झाला. पण रात्रीचे दहा वाजले होते आणि उजेड कमी होता, म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकले.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी सात वाजता, थंडीत, मामांच्या उपस्थितीत सुरुवात केली. प्लगच्या आट्याची लांबी १९ मिलिमीटर आणि दर फेऱ्याला तो सव्वा मिलिमीटर वर येतो, म्हणजे एकूण सुमारे पंधरा फेरे. अडीच झाले होते. सहाव्या फेऱ्यापर्यंत आत-बाहेर करतच गेलो. सातव्यापासून प्लग इतका हलका झाला की काट्यावर ३ किलोही दिसत नव्हते. बाराव्या फेऱ्याला तो पुन्हा जड झाला. मामा म्हणाले, खालच्या आट्यांवरचा कार्बन आता हेडच्या आट्यांतून वर येतोय, पुन्हा तेल घाला. तेल घालून वीस मिनिटे थांबलो. सव्वानऊला प्लग सॉकेटसह वर आला.

प्लग पाहून बरेच काही समजले. वरच्या तीन आट्यांत अॅल्युमिनियम चिकटून ते भरून गेले होते, मधले आटे स्वच्छ होते आणि शेवटच्या तीन आट्यांवर काळा कार्बन होता. टोकाची फट एक मिलिमीटरपेक्षा बरीच वाढलेली होती. वॉशरच्या खालच्या बाजूला गाळाचा बारीक थर होता, म्हणजे २०१९ मध्ये प्लग परत बसवतानाच तिथे गाळ होता.

आता प्रश्न हेडच्या आट्यांचा. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा ९५० रुपयांना मागवला होता, तो काल आला. या कामात तो माझ्या मते सर्वांत योग्य खर्च ठरला. हेडमधील वरचे अडीच आटे खरवडलेले होते. पण त्याखालचे बारा आटे अखंड होते आणि वॉशर बसण्याची गोल सपाट जागाही चांगली होती. आटे पूर्ण गेले असते तर भोक मोठे करून पोलादी स्प्रिंगचा आटा बसवावा लागला असता. बारा आटे शाबूत असताना ते करण्याची गरज नव्हती, असे मामांचे आणि माझे मत पडले.

धोका वेगळाच होता. सुरुवातीचे आटे खराब असल्यामुळे नवा प्लग तिरका लागू शकत होता. आटे कापणारा टॅप वापरला आणि तोच तिरका लागला, तर त्याने चांगल्या आट्यांवर नवे आटे कापले असते. म्हणून मामांनी जुनी युक्ती सांगितली. एक नंबरचा जुना, चांगल्या आट्यांचा प्लग घ्यायचा आणि त्याच्या आट्यांना लांबीच्या दिशेने चार ठिकाणी चर पाडायचे. असा प्लग आटे कापत नाही, वाकलेले आटे सरळ करतो आणि त्याच्या चरांमध्ये कीस साठतो. मी घरी हॅकसॉने एक चर पाडून पाहिला, तो वाकडा गेला आणि कडेला टोकदार बुरी राहिली. तो प्लग बाजूला ठेवून चार नंबरचा घेतला आणि कुपवाडला लेथच्या दुकानात नेला. तिथे पातळ चकतीने चार चर पाडून कडा घासून दिल्या. १०० रुपये.

वेळ : तीन तास.

रविवार, १९ जानेवारी

कीस आत पडलाच तर तो पिस्टनच्या माथ्यावर पडावा आणि तिथून काढता यावा, म्हणून तीन नंबरचा पिस्टन वर आणून ठेवायचा होता. चार सिलिंडरच्या अशा इंजिनात दोन आणि तीन नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात. तीन नंबरच्या भोकात काही घालायचे नव्हते, म्हणून दोन नंबरच्या भोकात ठिबकच्या नळीचा लांब तुकडा उभा धरला, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मुलाने ती इंच-इंच पुढे ढकलली. नळी वर येत येत थांबली तिथे हँडब्रेक लावला.

चर पाडलेल्या प्लगच्या चरांमध्ये घट्ट ग्रीस भरले. पाना न लावता, प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा बसवून नुसत्या बोटांनी तो फिरवला. प्रथम उलट दिशेने फिरवायचा, म्हणजे आट्यांची सुरुवात जिथे असते तिथे प्लग किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते, आणि मग सुलट. रबरी नळीचा फायदा असा की प्लग तिरका लागला तर ती हातातच घसरते आणि जबरदस्ती करता येत नाही. दोनदा घसरली. तिसऱ्या वेळी प्लग सरळ लागला आणि दोन फेरे गेला. तिथून पुढे पाना, पण अर्धा फेरा आत आणि पाव बाहेर. दर दोन फेऱ्यांनी तो पूर्ण काढून, पुसून, नवे ग्रीस भरून परत लावला. पाच वेळा केल्यावर तो शेवटपर्यंत हाताने फिरू लागला. कॅमेऱ्यात पहिला आटा अर्धवट गेलेला दिसला, पण पुढचे सलग होते.

नंतर सिरिंजने आत साचलेले तेल ओढले, साधारण चार मिलिलिटर निघाले. पंक्चरवाल्याकडून घेतलेल्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा ठिबकच्या नळीतून आत सोडली. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सगळे तोंडावर उडते. कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा पाहिला, स्वच्छ होता. मग इंधन पंपाचा फ्यूज काढून, कॉइल सुट्या ठेवून, चारही भोकांवर जुने धोतर टाकून पाच सेकंद स्टार्टर मारला. कापडावर तेलाचे डाग आले, कण आला नाही.

नवे चार प्लग, प्रत्येकी १९० रुपये. आट्यांना वेगळे ग्रीस किंवा तेल लावले नाही, कारण नव्या प्लगवर मुलामा असतो आणि मोठ्या प्लग कंपन्या वेगळे काही लावू नये असेच सांगतात. आट्यांवर वंगण असले तर त्याच मापाने आवळूनही प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. तीन नंबरच्या हेडमधील आट्यांवर तेलाचा अंश राहणारच होता, म्हणून एक, दोन आणि चार नंबरला काट्यावर ९ किलो म्हणजे साधारण २६ न्यूटन-मीटर दिले आणि तीन नंबरला ७ किलो म्हणजे साधारण २१ न्यूटन-मीटरवर थांबलो. हाताने टेकल्यावर तो अर्ध्या फेऱ्याहून थोडा अधिक फिरला, आणि नवा वॉशर बसण्यासाठी तेवढेच फिरणे अपेक्षित असते. त्यापुढे एक रेसही ओढले नाही.

फ्यूज लावला, कॉइल लावल्या. तीन नंबरच्या कॉइलचे फाटलेले रबर बदलून नवे २२० रुपयांचे बसवले. ते तसेच ठेवले असते तर गाडी धुताना पाणी पुन्हा त्याच खड्ड्यात गेले असते. दुपारी साडेबाराला गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. निळसर पांढरा धूर चार मिनिटे निघाला, मग थांबला. थरथर नाही. कोड पुसला.

वेळ : चार तास.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन उरकून कोल्हापूरला जाऊन आलो, येऊन-जाऊन सुमारे शंभर किलोमीटर. धक्के नाहीत, कोड परत आला नाही. घरी आल्यावर इंजिन थंड होऊ दिले आणि तीन नंबरची कॉइल काढून खड्ड्यात कॅमेरा सोडला. वॉशरमधून वायू गळत असता तर प्लगच्या बुडाशी काजळीचा ओघळ दिसला असता. तसा काही नव्हता. प्लग पुन्हा आवळून पाहिला नाही, कारण बसलेला वॉशर उगाच आणखी दाबणे योग्य नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

६४० किलोमीटर झाल्यावर तीन नंबरचा प्लग थंड इंजिनावर मुद्दाम एकदा काढला. आटे खरोखर धरत आहेत की नाही, हे जाणून घ्यायचे होते. काट्यावर ८ किलोला तो सुटला आणि पुढे बोटांनी फिरून बाहेर आला. आट्यांवर नवे अॅल्युमिनियम नव्हते, टोकाचा रंग फिकट बदामी होता. तोच प्लग परत बसवला. दाबलेला वॉशर दुसऱ्यांदा वापरताना हाताने टेकल्यानंतर घड्याळात पाच मिनिटांत मोठा काटा जितका सरकतो, जेमतेम तितकेच फिरवायचे असते.

खर्चाचा हिशेब असा : चुकीचा टी-पाना १८०, सॉकेट ३८०, गंज सोडवणारा स्प्रे २४०, साफ करण्याचा स्प्रे २६०, कॅमेरा ९५०, लेथ १००, कॉइलचे रबर २२०, चार प्लग ७६०. एकूण ३,०९० रुपये. वेळ अठरा तास, त्यांपैकी माझ्या मोजणीने निदान दहा तास १२ तारखेच्या त्या पाव फेऱ्यामुळे गेले. मामांनी काहीच घेतले नाही. त्यांच्याकडे तासगावची द्राक्षे पाठवली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला प्लग बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि 'तीन नंबर : वरचा आटा अर्धवट, ७ किलोच्या वर आवळू नये' असे रंगाने लिहून ठेवले आहे. पुढे ही गाडी कोणाच्याही हातात गेली, तरी पाना लावण्याआधी त्याला ते दिसेल.